अमेरिकेची लढाई आणि खानदेशची कपाशी

आमच्या सासरचा वाडा यावल तालुक्यातील एका खेड्यात आहे. मोठा चौक, सागवानी खांब, माडीला कोरीव कठडा आणि मागे बळद असलेली धान्याची खोली, असा त्याचा थाट. या वाड्याविषयी घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते: "हा वाडा अमेरिकेच्या लढाईत झाला." लग्न होऊन मी नवी नवी आले तेव्हा मला वाटले, घराण्यातला कोणी पुरुष अमेरिकेत शिपाईगिरी करून पैसा मिळवून आला असावा. मी भाबडेपणाने तसे विचारलेही. आजेसासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "अगं, लढाई झाली तिकडे आणि वाडा उठला इकडे. आपल्यातलं कुणी तापी ओलांडून लांब गेलं नाही!"

मी बी. ए.ला अर्थशास्त्र घेतले होते. परीक्षेत मागणीची रेषा आणि पुरवठ्याची रेषा मी चांगल्या काढीत असे. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे भाव ठरतो, असे आम्हाला शिकविले होते आणि ते खोटे नाही. परंतु त्या रेषांच्या पाठीमागे कोण उभे आहे, कोणाच्या पाठीवर आसूड पडतो आहे, कोणाचे शेत गहाण पडते आहे, याविषयी त्या पुस्तकात अक्षर नव्हते. सासरचा वाडा आणि पुस्तकातल्या रेषा यांची गाठ घालण्याचे मलाही कधी सुचले नाही. ती गाठ पडली आपल्या मंडळाच्या गुरुवारच्या अभ्यासवर्गात, आणि ती घातली एका भगिनीच्या प्रश्नाने.

वर्गाचे पहिले दोन महिने कंटाळवाणे गेले, हे मी कबूल करते. मी चलनवाढ समजावून सांगत असे आणि मागच्या रांगेतील भगिनी जांभया देत. एके दिवशी त्यांच्यापैकीच एकीने विचारले, "बाई, पेरायचं आम्ही, निंदायचं आम्ही, वेचायचं आम्ही, मग कापसाचा भाव ठरवतं कोण?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. पुढच्या गुरुवारी सांगते म्हणाले. त्या एका आठवड्यात मी जे वाचू लागले ते वाचन अजून संपलेले नाही. त्यातले काही या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचक-भगिनींपुढे ठेवते.

गोष्टीची सुरुवात आपल्याकडची नाही, आफ्रिकेची आणि अमेरिकेची आहे. तरी पहिल्याच पानावर आपले कापड आहेच. अठराव्या शतकात युरोपचे व्यापारी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेत, तेव्हा मोबदल्यात जो माल देत त्यात गुजरातचे आणि चोळमंडल किनाऱ्याचे सुती कापड फार मोठे असे. त्या कापडाला 'गिनी' हेच नाव पडले होते. आपल्या देशातल्या कोणा बाईने सूत कातले, कोणा विणकराने ते विणले आणि त्या कापडाच्या बदल्यात आफ्रिकेतली कोणाची तरी लेक जहाजात कोंबली गेली. कातणारीला याची गंधवार्ता असणे शक्यच नव्हते. पुढे इंग्लंडात यंत्रे आली, यंत्राचे सूत आपल्या बाजारात उतरले आणि त्या कातणारीचाही चरखा थांबला. घरबसल्या चार पैसे मिळवण्याचे बायकांच्या हातचे साधन गेले ते असे.

त्या यंत्रांना कापूस हवा होता. तो पिकला अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र काढले. तेव्हापासून तिथे कापसाची लागवड रानवणव्यासारखी पसरली, आणि लागवडीबरोबर गुलामगिरीही. यंत्र आले म्हणजे कष्ट कमी होतात असे आपण समजतो. इथे उलटे झाले. सरकी काढणे स्वस्त झाले म्हणून कापूस वेचायला अधिक माणसे हवी झाली. १८६० सालच्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम मोजले गेले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस त्यांच्या श्रमावर येत होता.

आपल्या वर्गात सर्वांत जास्त शांतता पसरली ती एका गोष्टीने. व्हर्जिनियात १६६२ साली असा कायदा झाला होता की मूल आईची स्थिती घेईल. आई गुलाम असली तर मूल गुलाम, मग बाप कोणीही असो, तो खुद्द मालक असला तरी. म्हणजे बाईचे बाळंतपण हे मालकाच्या भांडवलाचे व्याज झाले. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात कापसाचा भाव चढला की माणसाचाही भाव चढे. गुलाम गहाण टाकून मळेवाले कर्ज काढीत आणि ते फिटले नाही की मायलेकरांची ताटातूट होई. हॅरिएट जेकब्ज नावाच्या एका बाईने या जिण्यातून सुटून आपली हकीगत लिहिली. ती १८६१ साली छापली गेली, म्हणजे ज्या वर्षी लढाई सुरू झाली त्याच वर्षी.

एप्रिल १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत युद्ध पेटले. अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि कापसाची जहाजे अडली. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या अखेरीस तिकडे सुमारे पाच लाख माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. अशा उपासमारीतही मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरी नष्ट करण्याच्या बाजूने लिंकनना पत्र लिहिले आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकननी त्यांना उत्तर पाठविले. पोट एकीकडे ओढीत असता मन दुसरीकडे ठेवणारी माणसे सगळ्या देशांत असतात. गिरणीमालकांचे मात्र सगळे लक्ष लागले हिंदुस्थानाकडे.

आपला कापूस त्यांना आवडत नसे. त्याचा धागा आखूड, त्यात कचरा फार. मुंबईहून जाणाऱ्या सगळ्याच कापसाला ते 'सुरती' म्हणत, आणि लँकेशायरच्या बोलीत 'सुरती' ही वाईट मालाला द्यायची शिवी झाली होती. देवाने कापूस धाडावा पण सुरती धाडू नये, अशी तिथले मजूर प्रार्थना करीत, असा किस्सा सांगतात! तरी अडला हरी. १८६० साली ब्रिटनने घेतलेल्या कापसात आपला वाटा १६ टक्क्यांच्या आसपास होता. १८६२ साली तो ७५ टक्क्यांपर्यंत गेला. लिव्हरपूलला अमेरिकन कापूस युद्धापूर्वी पौंडाला ७-८ पेन्सला मिळे, तो १८६४ पर्यंत २७-२८ पेन्सच्या घरात पोचला. त्याच्या मागोमाग आपलाही भाव चढला. हिंदुस्थानातून जाणाऱ्या कापसाची किंमत १८६०च्या आगेमागे वर्षाला सहा-सात कोटी रुपये होती. १८६४-६५ साली ती ३७ कोटींच्या पुढे गेली.

आता खानदेशात येऊ.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्ज हा पहिला मोठा अधिकारी. त्याने धुळे हे ठाणे केले आणि १८१९ पासून नवे धुळे वसविले. धुळ्याचे सरळ रस्ते पाहून पाहुणे कौतुक करतात, ती आखणी त्या काळची. सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्लांना काही तलवारीने, काही तहाने आणि काही नोकरीने बांधून घेतले. आउट्रमची भिल्ल पलटण १८२५ साली उभी राहिली. मग जमिनीची मोजणी आली. १८५२ साली मोजणीच्या विरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकरी हजारोंनी जमले आणि सरकारला फौज आणावी लागली. शाळेत आपल्याला १८५७ शिकवतात. त्याच्या पाच वर्षे आधी आपल्याच आजोळच्या गावांनी साऱ्यावरून सरकारला घाम फोडला होता, हे मला पन्नाशीनंतर कळले.

या साऱ्याची एक मेख भगिनींनी नीट ध्यानात घ्यावी. सारा रोख रुपयांत द्यायचा होता. पाऊस पडो न पडो, हप्त्याच्या तारखेला चांदीचा रुपया हवा. घरात ज्वारी-बाजरीची कणगी भरलेली असली तरी तिचा उपयोग नाही. मग रुपया देणारे पीक लावा, नाही तर सावकाराकडे जा. बहुतेकांनी दोन्ही केले. त्याआधीच १८४०च्या सुमारास कंपनी सरकारने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा मळेवाले हिंदुस्थानात आणविले होते. ज्यांनी गुलामांकडून कापूस काढून घेतला, त्यांनी आमच्या कुणब्याला कापूस शिकवायचा! भरूचकडे त्यांचे फारसे जमले नाही. धारवाडकडे अमेरिकन बी तेवढे रुजले.

लढाई सुरू झाली तेव्हा आगगाडी खानदेशात नुकती शिरत होती. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असे रूळ पुढे सरकत होते. मधल्या थळ घाटातला लोहमार्ग मात्र १८६५च्या आरंभी खुला झाला, म्हणजे तेजी ओसरत आली तेव्हा. तोवर घाट उतरायचा तर बैलच. जळगाव हे तोपर्यंत बेताचे गाव होते. लढाईच्या वर्षांत ते कापसाची मोठी पेठ झाले. मुंबईचे दलाल आले, अडते आले, गाठी दाबण्याचे कारखाने आले. कापसात वाळू, पाणी आणि सरकी मिसळण्याची हातचलाखीही वाढली, इतकी की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. शेजारच्या वऱ्हाडात तर शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या असे सांगतात. खरे किती, देव जाणे. ज्याने बसविल्या असतील तो शेतकरी नसून माझ्या सासरच्यांसारखा सावकार असावा, असा माझा संशय आहे.

मुंबईत त्या दिवसांत काय झाले ते पुष्कळांनी लिहिले आहे. प्रेमचंद रायचंद, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या, त्यांच्या भागांचा जुगार. राजाबाई टॉवरला पैसा मिळाला तो याच बहराचा. मला आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. दादाभाई नौरोजी १८५५ साली विलायतेस गेले ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून, आणि १८५९ साली त्यांनी स्वतःची पेढी काढली ती कापसाच्या व्यापाराचीच. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडात कशी वाहून जाते, हे पुढे ज्यांनी हिशेब मांडून जगाला दाखविले, त्यांनी आधी तो व्यापार स्वतः आतून पाहिला होता. अर्थशास्त्र शिकण्याची ही रीत मला माझ्या पदवीपेक्षा अस्सल वाटते.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ही बातमी आली आणि मुंबईचा बाजार कोसळला. जळगावच्या पेठेलाही मोठा फटका बसला. १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरमध्ये ते दिवस नोंदलेले आहेत. विचार करा, तिकडे चाळीस लाख माणसांच्या बेड्या तुटल्या आणि इकडे आपल्या बाजारात रडारड झाली! एका ठिकाणचे मंगल ते दुसऱ्या ठिकाणचे सुतक व्हावे, अशीच त्या व्यापाराची बांधणी होती. यात आपल्या शेतकऱ्याचा दोष नव्हता आणि सुटलेल्या गुलामाचा तर नव्हताच.

पण बेड्या तुटल्या म्हणजे नेमके काय झाले? जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर वाटण्याचा हुकूम काढला. लिंकन यांचा खून झाल्यावर आलेल्या अध्यक्षाने त्याच वर्षी तो फिरविला आणि जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. मुक्त माणसाच्या हाती राहिले त्याचे दोन हात. तो जुन्या मालकाच्या जमिनीवर बटाईने राबू लागला. बी, खत, मीठ, कापड, सगळे दुकानदाराकडून उधार, आणि तारण काय, तर अजून जमिनीबाहेर न आलेले पीक. दुकानदार सांगेल तेच पीक लावायचे, ते म्हणजे कापूस. हिशेब त्याच्या वहीत, आणि वाचता न येणाऱ्याला ती वही म्हणजे ब्रह्मलिखित. वर्षाच्या शेवटी देणे उरलेच. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने १९३५ साली या काळावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे तिकडच्या पंडितांना ही बाजू ऐकावी लागली. १९४४ साली त्रिनिदादच्या एरिक विल्यम्स यांनी गुलामांच्या व्यापारातून इंग्लंडचे भांडवल कसे उभे राहिले ते मांडले. हेच विल्यम्स पुढे आपल्या देशाचे पहिले पंतप्रधान झाले. आणखी एक हिशेब सांगण्याजोगा आहे. ब्रिटनने १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने बंद केली आणि दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. ती दिली मालकांना. गुलामांना छदाम नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ साली झाली.

हे वर्गात वाचून दाखवले तेव्हा एक वयस्क भगिनी म्हणाली, "ही तर सालदाराची गोष्ट झाली." तिला आणखी सांगायची गरज पडली नाही, खोलीतल्या निम्म्या बायकांना सालदार म्हणजे काय ते अंगावरच्या अनुभवाने माहीत होते. अक्षयतृतीयेला, म्हणजे आखाजीला, साल ठरायचे, आगाऊ उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्याच्या बांधावर राबायचे. शहादे-तळोद्याकडे भिल्लांच्या जमिनी अशाच सावकारांकडे गेल्या, आणि त्या परत मिळविण्यासाठी अंबरसिंग सुरतवंतींसारख्यांना १९७०नंतरच्या काळात झगडावे लागले. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. गुलामगिरी आणि सालदारी या एक नव्हेत, हेही मी वर्गात बजावले. सालदाराचे मूल बाजारात विकले जात नव्हते. फरक आहे, आणि तो विसरणे म्हणजे त्या आफ्रिकी आईच्या दुःखाला कमी लेखणे. परंतु वहीची रीत एकच होती.

ही सारखी नाडी ओळखणारे आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले. पुण्यात बसून! त्याच्या पुढच्या दोन वर्षांत, १८७५ साली, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जखते जाळली. सुपे गावापासून सुरुवात झाली. सरकारने चौकशी नेमली तेव्हा कापसाच्या तेजीत वाढलेली उधारी आणि मंदीत राहिलेले कर्ज हा धागा पुढे आला, आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३चा. आमच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात तो नव्हता; मराठीच्या अभ्यासक्रमात त्यातले एक-दोन उतारे असत.

दुसरे डॉ. आंबेडकर. ते १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र शिकायला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला, आणि त्याआधी, १९१८ साली, लहान लहान शेतांच्या प्रश्नावर त्यांनी निबंध लिहिला होता. १९४६ साली त्यांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत त्यांना हवी होती. धुळेकर भगिनींना लळिंगच्या कुरणातला लांडोर बंगला ठाऊक आहेच. १९३७च्या जुलैअखेर धुळ्याच्या कोर्टातील एका खटल्यासाठी डॉ. आंबेडकर आले तेव्हा तिथे राहिले होते, आणि दर वर्षी ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. आपल्यापैकी किती जणी तिथे जाऊन आल्या? मी स्वतः गेल्या साली प्रथम गेले.

आणि आफ्रिकेशी आपले नाते फक्त दुःखाचेच आहे असेही नाही. मलिक अंबर हा हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. त्याने लावलेली जमीनमहसुलाची पद्धत मराठी मुलखात पुढे पिढ्यान्‌पिढ्या नावाजली गेली. त्याची कबर खुलताबादेस आहे. आपण वेरूळच्या सहलीला गेलो तेव्हा तिच्या जवळून गेलो आणि थांबलो नाही.

असो. आता वाड्याकडे परत जाते, कारण हे सगळे लिहिण्याचे खरे कारण तिथे आहे.

लढाईनंतर जळगावात १८७४ साली मुळजी जेठा यांची खानदेश मिल निघाली, पुढे अमळनेरला प्रताप मिल आली आणि आपल्याकडच्या कापसाला घरचेही गिऱ्हाईक मिळाले. माझ्या सासरच्यांनी मिलमध्ये पैसा घातला नाही. त्यांनी तो जमिनीत घातला, असे घरात सांगत. 'घातला' या शब्दाचा अर्थ मला माडीवरच्या पेटीत सापडला. पेटीत लाल बासनात बांधलेल्या चोपड्या होत्या, सगळ्या मोडीत. आपल्या मंडळातील ज्या वयोवृद्ध भगिनींना मोडी वाचता येते, त्यांच्याकडे मी एक चोपडी घेऊन गेले. माझ्या दिरांना ते रुचले नाही. "घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला?" म्हणाले. त्यांचे म्हणणे मला कळते. पण तोवर मी दुसऱ्यांच्या मुलखातली धुणी सहा महिने वर्गात धूत आले होते.

शके १७८६, म्हणजे १८६४. भर तेजीचे वर्ष. एका शेतकऱ्याच्या नावे दोनशे रुपये. कारण विहीर आणि मुलीचे लग्न. व्याज दरमहा शेकडा दोन. तेजीत कोणी कर्ज काढतो का, असे वर्गात विचारले गेले. तेजीतच काढतो, कारण तेव्हा सावकार हसत देतो. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. व्याज दर साल मुद्दलात मिळवीत गेलो तर पहिल्या वर्षअखेर २४८, दुसऱ्या वर्षअखेर ३०७ आणि वर काही आणे, तिसऱ्या वर्षअखेर ३८१. आणि या तीन वर्षांत कापसाचा भाव कुठून कुठे आला होता ते आम्ही आधीच वाचले होते. चोपडीत पुढे जुने खत रद्द करून नवे लिहिल्याची नोंद, मग दागिने गहाण ठेवल्याची, आणि शके १७९४ मध्ये खरेदीखत. शेताचे नाव 'बाभळीचे'.

ते नाव उच्चारताच पापड-विभागात रोज माझ्या शेजारी बसणारी भगिनी एकदम ताठ झाली. तिच्या सासरचे आडनाव आणि चोपडीतले आडनाव एकच होते. ते आमच्या लक्षात आले होते, पण त्या आडनावाची घरे पुष्कळ. ती म्हणाली, "माझी सासू मरेपर्यंत त्या तुकड्याला 'आपलं बाभळीचं' म्हणायची. आम्ही तिला वेडी म्हणायचो. तो तर तुमचा." तिचे सासरे त्याच शेतात आमचे सालदार होते. कूळकायदा आला, १९५७ साली कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा कूळ म्हणून कोणाचे नाव लागलेले असते तर ती जमीन त्याची झाली असती. सालदार हा कूळ नव्हे, नोकर. त्याला कायदा लागू नाही. आमच्या घरी हे तेव्हा फार समाधानाने बोलले जाई, इतके मला सासूबाईंकडून कळलेले आहे.

मला काय बोलावे सुचेना. क्षमा मागावी तर कोणत्या तोंडाने, आणि गप्प राहावे तर सहा महिने शिकवले ते कशासाठी? वर्गात कोणी तरी चटकन विषय बदलला आणि हल्लीच्या भावावर बोलणे गेले. २०२५च्या ऑगस्टात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले गेले, त्याचा इकडच्या भावावर काय परिणाम होतो, अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना किती अनुदान देते, असे बरेच काही. ज्या भगिनीने पहिला प्रश्न विचारला होता ती म्हणाली, "म्हणजे अजून तिकडचीच हवा इकडे लागते." मी हो म्हणाले.

वर्ग सुटल्यावर ती शेजारीण मागे राहिली. बाकीच्या चपला घालीत होत्या. तिने चोपडी आपल्यापुढे ओढली आणि मोडी वाचणाऱ्या आजींना म्हणाली, "ते दागिन्यांचं पान परत काढा. कुणाचे होते ते लिहिलंय का?"

आजींनी चष्मा पुसला. बाईचे नाव नव्हते; अमक्याचे कुटुंब, एवढेच. दोन पाटल्या, एक सरी, आणि पुतळ्यांची माळ. पुतळ्यांचा आकडा शाई उडाल्यामुळे लागत नव्हता. खिडकीशी पान तिरपे धरून आम्ही तिघी तो किती वेळ लावीत बसलो होतो.